टिळ्याआधी

फोन चार वाजता आला.

वसंता कारंडे चहाला गेला होता. जाताना म्हणाला होता, "सद्या, बूथवर बस जरा. मी आलोच." आमच्या बुरूज तालमीच्या भिंतीला लागूनच त्याचा एसटीडी बूथ. तालमीची फुटबॉलची टीम होती, पण तालमीत फोन नव्हता, त्यामुळं तालमीचा फोन म्हणजे वसंताचाच फोन. गल्लीतल्या निम्म्या सोयरिकी त्याच्यावर जमल्या आणि त्याच्यावरच मोडल्या. एप्रिलचं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि मी पंख्याखाली पाय वर करून बसलेला.

"हॅलो, बुरूज तालीम ना? हिंदुराव माने आहेत का?"

आवाज मुंबईचा होता. मी पाय खाली घेतले.

"अण्णा कामावर हायत. सहा-साडेसहाला येतील. आपण कोण?"

"मी तळपदे. आमच्या खात्याच्या टीमचं मी बघतो. मान्यांना माहीत आहे. मी शनिवारी येणार होतो, तुमच्या सेमीफायनलला. ते आता जमत नाही, टीम घेऊन गोव्याला जायचंय. त्यापेक्षा मी उद्याच येतो. उद्या आहे ना तुमची मॅच?"

"हाय. चारला."

"तर तो तुमचा दहा नंबर, साळोखे, त्याला उद्या खेळवा म्हणावं. एकच जागा राहिली आहे आणि आता गोव्याला निघण्याआधी, शुक्रवारीच मला नाव द्यायचंय. एवढा निरोप द्याल?"

"देतो."

"नाव काय तुमचं?"

"सदाशिव इंगवले."

"खेळता का?"

"खेळतो," मी म्हणालो. खरं तर बसतो असं सांगायला हवं होतं. दोन वर्षं मी बाकावरच बसत होतो.

मी फोन ठेवला. वसंता आला, त्यानं विचारलं, "कुणाचा आलता काय?" मी म्हणालो, "न्हाई." का म्हणालो, विचारू नका. सव्वीस वर्षं मी स्वतःला विचारतोय. मनात कसला डाव नव्हता. मनात काहीच नव्हतं.

हे सगळं ज्याच्यावरून घडलं, तो दहा नंबर म्हणजे इंद्रजित साळोखे. इंद्र्या. आमच्या पेठेचा जीव की प्राण. त्याच्या पायात चेंडू आला की गॅलरीतली म्हातारी माणसंसुद्धा उभी राहायची आणि चेंडू गेला तरी खाली बसायची विसरायची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दोन पेठांची मॅच असली की सख्खे साडू चार दिवस बोलत नाहीत. त्यात इंद्र्यासारखा पोरगा एखाद्याच पेठेला लाभतो.

पण लाभून त्याच्या घरात काय आलं? वडिलांची गिरणी बंद पडलेली, तो स्वतः शिरोलीला फाउंड्रीत. भट्टीपाशी आठ तास उभं राहून मग सरावाला यायचा. खेळाच्या कोट्यातली नोकरी हा एकच रस्ता होता. आणि त्या खात्यात वय पंचवीसच्या आत लागायचं. इंद्र्याला जूनमध्ये पंचवीस पूर्ण होणार होती. म्हणजे तळपदे साहेब हेच काय ते शेवटचं दार.

आता अण्णा. हिंदुराव माने, उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. लेथवरच्या माणसाचं सगळं मापात असतं, तसं त्यांचं खेळाचंही होतं. आदल्या वर्षी त्यांनी पेठेच्या आग्रहापायी इंद्र्याला प्रत्येक मॅचला उतरवला होता. सेमीफायनलला विसाव्या मिनिटाला त्याच्या मांडीचा स्नायू गेला आणि आम्ही हरलो. तेव्हापासून अण्णांनी मनाशी बांधलं होतं, आणि सोमवारी त्यांनी तालमीत सांगून टाकलं.

"सात दिवसांत तीन मॅचा हायत. रविवारची झाली. बुधवारी साखळीतली शेवटची, माळवाडी. सेमीत आपण गेलोयच, ती शनिवारी, नंदीवेस. माळवाडीला इंद्र्या बसणार."

तालमीत एकच गलका झाला. "अण्णा, हुकमाचा एक्का खिशात ठिवून कोण डाव खेळतंय का?"

"खिशात ठिवतोय तो शनिवारी टाकायला," अण्णा म्हणाले. "घोडं पळतंय म्हणून रोज टांग्याला जुंपू नये. माळवाडीला सद्या खेळंल."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मला वाटलं उठून घरी जावं. पण इंद्र्यानं माझ्या पाठीत थाप मारली. "सद्या, हाण दोन. मी शिट्ट्या मारायला येतोय."

दोन वर्षांत पहिल्यांदा मला पूर्ण मॅच मिळणार होती. ऐंशी मिनिटं, आमच्याकडं मॅच तेवढीच. तोवर मला मिळायची ती शेवटची पाच, तीही तीन गोलांनी पुढं असलो तर. एवढंच होतं हो. मला नोकरी नको होती, साहेब नको होता. मला ती ऐंशी मिनिटं हवी होती.

आता आमच्या तालमीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. मॅचच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला तालमीतल्या मारुतीपुढं जर्सी मांडायच्या. खेळणारे अकरा आणि बाकावरचे पाच, मिळून सोळा. कोचनं एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या जर्सीला अंगठ्यानं गुलालाचा टिळा लावायचा. टिळा लागला की संपलं. त्यानंतर बदल नाही. टिळा नसलेली जर्सी मैदानात जात नाही, आणि टिळ्याची जर्सी मागं येत नाही. पूर्वी कधीतरी टिळ्यानंतर गोलकीपर बदलला होता आणि त्या नव्या गोलकीपरचा हात कोपरापासून मोडला. तेव्हापासून ही रीत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

इंद्र्याची जर्सी त्या दिवशी सोळांतही नव्हती. अण्णांनी मुद्दाम ट्रंकेतच ठेवली होती. "बाकावर बसवला तर पब्लिक वरडून वरडून त्याला आत ढकलंल," ते म्हणाले होते. "माझाबी हात सुटंल."

अण्णा साडेसहाला आले, हातपाय धुतले, उदबत्ती लावली. मी दारापाशी उभा. मला वाटत होतं, आता सांगू. निरोप तोंडात अगदी तयार होता. अण्णा, साहेबांचा फोन आलता, ते उद्याच येणार हायत. एवढं वाक्य. ते ऐकलं की अण्णा ट्रंक उघडणार, दहा नंबर काढणार आणि माझी चौदा नंबरची उचलून बाकावरच्यात टाकणार. तेही मला दिसत होतं.

"एक नंबर, तानाजी," अण्णा म्हणाले आणि पहिला टिळा लागला.

अकरात माझं नाव शेवटचं होतं. म्हणजे मला दहा टिळ्यांची सवड होती. मी दोन मोजले, चार मोजले. सातव्याला इंद्र्या आत आला, चप्पल काढून माझ्या शेजारी हात जोडून उभा राहिला. त्याच्या अंगाला फाउंड्रीच्या रेतीचा वास येत होता. आठ. नऊ. दहा.

"चौदा नंबर, सद्या." अण्णांचा अंगठा माझ्या जर्सीवर टेकला.

मग बाकावरच्या पाच जर्सी झाल्या, वसंता बूथ सोडून आरतीला आला, मी मधेच बाहेर जाऊन आलो, आरती झाली, खोबरं वाटून झालं. खोबऱ्याचा तुकडा तोंडात असतानाच मी म्हणालो, "अण्णा, वसंताच्या बूथवर आत्ता फोन आलता. तळपदे साहेबांचा. ते शनिवारी येत न्हाईत. उद्याच येणार हायत."

अण्णांचा हात ताटातच राहिला.

"आत्ता?"

"आत्ताच. आरती चालू असताना."

अण्णा ट्रंकेपाशी गेले. कडी काढली. दहा नंबरची जर्सी हातात घेऊन ते मारुतीपुढं आले आणि उभेच राहिले.

"लावतो टिळा," ते म्हणाले. "जे व्हईल ते माझ्या माथी."

"नको अण्णा." हे इंद्र्या म्हणाला. "माझ्यापायी कुणाचं हातपाय मोडलं तर मी नोकरी घिऊन काय करू? आणि सद्याला टिळा लागलाय. त्याची काढून माझी घालायची व्हय? तुम्ही साहेबांना शनिवारपत्तोर थांबा म्हणावं. थांबतील की."

"न्हाई थांबले तर?"

"न्हाई तर न्हाई."

अण्णांनी जर्सीची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग ट्रंकेत ठेवून दिली. मी बघत होतो. अजूनही बोलता आलं असतं. चार वाजता आला होता, मीच गप्प बसलो, असं म्हटलं असतं तर रीत राहिली असती बाजूला, सगळ्यांनी मिळून माझी जर्सी फाडून दहा नंबरला टिळा लावला असता. मी खोबरं चावत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोल घातले.

पहिला डाव्या पायानं, लांबून. दुसरा डोक्यानं. गॅलरी सुरुवातीला "इंद्र्या कुठाय?" म्हणून ओरडत होती, ती शेवटी माझं नाव घ्यायला लागली. इंद्र्या तारेच्या कुंपणाला लटकून शिट्ट्या मारत होता. आणि मला काही होत नव्हतं. माझे पाय पळत होते, पोरं अंगावर पडत होती, आणि मी कुठंतरी बाहेर उभा राहून दुसऱ्याच कुणाची तरी मॅच बघत होतो. ज्या ऐंशी मिनिटांसाठी हे सगळं केलं, त्यातलं एक मिनिट माझ्या हाताला लागलं नाही.

तळपदे साहेब पांढरी टोपी घालून आमच्या बाकाशेजारी उभे होते. मध्यंतराला अण्णा त्यांच्यापुढं हात जोडून काहीतरी सांगत होते, साहेब मान हलवत होते. नाही म्हणून. मॅच सुटल्यावरही ते दोघं बराच वेळ बोलले. मग साहेब माझ्याकडं आले.

"इंगवले ना? फोनवर तुम्हीच होता?"

"व्हय."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं. "पायात ताकद आहे. दोन तारखेला मुंबईला या, कागद घेऊन."

अण्णा लांब उभे राहून गोळा केलेल्या जर्सी मोजत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

शुक्रवारी पुन्हा टिळा होता, नंदीवेसच्या मॅचचा. दहा नंबरची जर्सी पहिल्या रांगेत, मधोमध. उदबत्ती लावून झाली आणि अण्णा थांबले. मारुतीकडं तोंड करूनच म्हणाले, "टिळ्याआधी कुणाला काय सांगायचं असंल तर आत्ता सांगा."

हे असं त्यांनी आधी कधीच विचारलं नव्हतं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुणीतरी म्हणालं, "माझा अंगठा जरा सुजलाय अण्णा, पण खेळतो." अण्णा आणखी थोडा वेळ थांबले. मला वाटलं, कुणाचं दुखणंखुपणं विचारत असतील. मग त्यांनी पहिलं नाव घेतलं.

शनिवारी आम्ही एका गोलानं हरलो. इंद्र्याचे दोन फटके दांड्याला लागले.

झालं, पेठ अण्णांवर उलटली. साहेब आला त्या दिवशी पोराला घरी बसवलं आणि ज्या मॅचसाठी राखला ती पण घालवली. तेलही गेलं, तूपही गेलं. अण्णांच्या दारावर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'आराम करा'. वहिनींनी ते दोनदा पुसलं, दोनदा पुन्हा लिहिलं गेलं. मग तो शब्दच त्यांच्या मागं लागला. मंडईत गेले की पोरं लांबून ओरडायची, "अण्णा, आराम करा!" अण्णा भाजी निवडत राहायचे. फोन चारचा होता की सातचा, हे कुणी विचारलंच नाही. मी सांगितलं नाही.

दोन तारखेच्या आदल्या दिवशी मी स्टँडवर मुंबईच्या गाडीत बसलो. तालमीतलं कुणी येणार नाही हे माहीत होतं. पेठेला माझं तोंड बघायचं नव्हतं. माझ्यावर राग असा नव्हता, पण ती जागा कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी सुटायला पाच मिनिटं राहिली आणि खिडकीशी इंद्र्या. हातात भडंगाची पुडी.

"वाटंत खा. साताऱ्यापुढं काय चांगलं मिळत न्हाई."

"तू कशाला आलास?" मी म्हणालो.

"का? यायचं न्हाई?" तो हसला. "तालमीचं एक तरी पोरगं लागलं की रं. नीट खेळ."

गाडी वळेपर्यंत तो तिथंच उभा होता. भडंग मी पुण्याला एका भिकाऱ्याला दिलं.

सात वर्षं खात्याकडून खेळलो. मग टेबलावर बसलो. डोंबिवलीत घर झालं, दोन मुली झाल्या, एकीचं लग्न झालं. बायको म्हणते, तुमच्या तोंडावर काही उमटतच नाही, पोरगी सासरी गेली तेव्हा तुम्ही मांडववाल्याच्या खुर्च्या मोजत होता. खरं आहे ते. त्या ऐंशी मिनिटांत जे बाहेर उभं राहायला शिकलो, ते पुन्हा आत येणं जमलं नाही. कोल्हापूरला जायचो, आई होती तोवर. तालमीच्या गल्लीतून मात्र जायचो नाही, मागच्या बोळातून जायचो.

गेल्या मार्चमध्ये अण्णा गेले. वसंताच्या पोराचा मेसेज आला. मी रक्षाविसर्जनाला गेलो.

नदीवर पंचवीस-तीस माणसं होती. इंद्र्या पुढं सगळं बघत होता. डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं, पण चालणं तेच. फाउंड्रीत तो अजून होताच आणि बारा वर्षं तालमीचा कोच होता. त्यानं मला बघितलं, मान हलवली. सगळं आटोपल्यावर म्हणाला, "संध्याकाळी तालमीत ये. उद्या मॅच हाय, टिळा हाय."

"आज टिळा?"

"अण्णांनी सांगून ठिवलतं. माझ्यासाठी मॅच थांबवायची न्हाई म्हणून."

सव्वीस वर्षांनी मी तालमीत पाय ठेवला. फरशी नवीन, ट्यूबलाइट नवीन. मारुती तोच. पोरं रांगेनं उभी होती, कानात बाळ्या, केसांच्या तऱ्हा. सोळा जर्सी मांडलेल्या. मी नकळत मोजल्या. दहा नंबरची त्यात नव्हती.

"दहा नंबर बसवलाय व्हय?" मी हळूच विचारलं.

"रविवारी सेमी हाय," इंद्र्या म्हणाला. "पब्लिक शिव्या देतंय. देऊ दे. अण्णांचं बरोबरच होतं."

त्यानं उदबत्ती लावली. गुलालाच्या ताटलीत अंगठा बुडवला. मारुतीकडं तोंड करून म्हणाला, "टिळ्याआधी कुणाला काय सांगायचं असंल तर आत्ता सांगा."

आणि थांबला. पोरं माना खाली घालून उभी होती, त्यांना सवय दिसत होती. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मला सांगायचंय," मी म्हणालो.

पोरांनी वळून बघितलं. इंद्र्यानं वळून बघितलं नाही.

"बोल."

"फोन चारला आलता. सांजचा न्हाई. चारला."

त्याच आवाजात तो, जणू हवापाण्याचं सांगतोय असं म्हणाला, "म्हाईत हाय. अण्णांना पण म्हाईत होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. मध्यंतराला साहेबच म्हणाले, मी काल चारलाच कळवलं होतं, तुमच्या इंगवल्यांनी निरोप घेतला." त्यानं ताटलीतला गुलाल अंगठ्यानं सारखा केला. "मॅच सुटल्यावर साहेबांनी अण्णांना विचारलं, हा मुलगा माणूस म्हणून कसा आहे? अण्णा म्हणाले, चांगला हाय. घ्या."



"तुला कधी सांगितलं?"

"त्याच सांजंला. म्हणाले, इंद्र्या, तुझं तर गेलंच. आता पेठेत कळलं तर त्याचंबी जाईल. तालमीत आलेली नोकरी परत धाडायची व्हय? माझ्यावर बोलतायत ते बोलू दे."

"आणि स्टँडवर तू आलास, ते..."

"अण्णांनी धाडलं. म्हणाले, जाऊन ये. पोरगं एकटंच जाईल." त्यानं अंगठा पुन्हा गुलालात बुडवला. "भडंगबी त्यांनीच आणलतं. मी येणार नव्हतो."

बाहेरची मोटारसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

"मग हे टिळ्याआधी विचारायचं..." मी म्हणालो.

"तुझ्यासाठीच. तू गेल्यावरबी दर टिळ्याला विचारायचे. न जाणो, एखाद्या सुट्टीत येशील म्हणायचे. दुखणं झालं तेव्हा मला म्हणाले, तू विचारत जा." त्यानं वळून पोरांकडं बघितलं. "ह्यांना वाटतंय रीतच हाय."

मी तोंड उघडलं. माफ कर म्हणायचं होतं. पण त्याला म्हणायचं की जो सकाळी नदीत गेला त्याला, तेच कळेना.

"आणखी काय सांगायचं हाय?" इंद्र्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग चप्पल काढून आत ये. दारात का उभा हाईस?"

मी चप्पल काढली आणि पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन हात जोडले.

"एक नंबर," इंद्र्या म्हणाला आणि पहिला टिळा लागला.